तुम्ही विचारलंत म्हणून: मित्रांसोबत युरोपातली रेसिंग सहल

‘आम्ही चौघं-पाचजण मिळून युरोपात फक्त रेसिंगसाठी जायचं म्हणतोय, सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याच्यासोबत बहुतेक वेळा एक नकाशाही येतो. नकाशावर सिल्व्हरस्टोन, स्पा, ल माँ, मोनाको, मोंझा अशा शर्यतींच्या ट्रॅकच्या दहा खुणा, आणि हातात दिवसही दहाच. नकाशा बाजूला ठेवा आणि आधी कॅलेंडर काढा.

तारखेला बांधलेल्या गोष्टी दोनच. एक म्हणजे शर्यत आणि दुसरी म्हणजे जर्मनीतल्या नुर्बर्गरिंगचा जुना लांब ट्रॅक, नॉर्डश्लाइफे, सर्वसामान्यांना खुला असण्याचे दिवस. बाकी सगळं या दोहोंभोवती बसवता येतं. शर्यत एकच घ्या. शुक्रवार ते रविवार तीन दिवस त्यातच जातात, जवळची हॉटेलं महिनोन्‌महिने आधी भरतात आणि खोली दिलीच तर तीन-चार रात्रींची अट घालतात. एवढं करून स्टँडवरून दिसतात ती एक-दोन वळणं. दोन शर्यती धरल्या तर निम्मी सहल पार्किंगच्या रांगेत संपेल. सिल्व्हरस्टोन या फेरीतून वगळा. ब्रिटन शेंगेनमध्ये (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसात) नाही, म्हणजे ज्यांना व्हिसा लागतो त्यांना तो वेगळा काढावा लागतो, वर समुद्र ओलांडायचा. शेंगेनचा अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम आहे त्या देशाच्या वकिलातीकडे करायचा, म्हणून रात्रींचा हिशेब अर्जाआधीच पक्का हवा.

नॉर्डश्लाइफेबद्दल गैरसमज फार, म्हणून जरा सविस्तर. 20.832 किलोमीटरचा हा ट्रॅक ठरलेल्या दिवशी एकेरी टोल रस्ता म्हणून उघडतो. वैध लायसन्स दाखवायचं, लॅपचं, म्हणजे एका फेरीचं, तिकीट घ्यायचं (अलीकडे वार पाहून 30 ते 35 युरो) आणि आत जायचं. जर्मनीचे वाहतुकीचे नियम तिथेही लागू असतात. ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि लॅपची वेळ मोजायला बंदी. मागून वेगवान गाडी आली की उजवा इंडिकेटर देऊन उजवीकडेच राहायचं. नवखे नेमके इथे चुकतात: आरशात बघत नाहीत, किंवा घाबरून वळणातच रेषा बदलतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी ट्रॅक अनेकदा संध्याकाळी दोन-तीन तासच खुला असतो, आणि कुणी आपटलं किंवा धुकं उतरलं की तेवढाही बंद होतो. म्हणून तिथे दोन संध्याकाळी ठेवा, एक हातातून गेली तरी दुसरी उरते.

विमानतळावर भाड्याने घेतलेली गाडी आत नेऊ नका. करारात रेसट्रॅकला मनाई असते, बऱ्याच करारांत नुर्बर्गरिंगचं नावच लिहिलेलं असतं. आत अपघात झाला तर विमा हात वर करतो आणि गाडी, क्रेन, वाकलेलं बॅरिअर, ट्रॅक बंद राहिल्याचा वेळ असं सगळं बिल चालवणाऱ्याच्या नावावर फाटतं. ट्रॅकशेजारच्या नुर्बर्ग गावात आणि आसपास खास ट्रॅकसाठी गाड्या भाड्याने मिळतात. त्यांच्या कागदावर एकच आकडा शोधा: नुकसान झालं तर आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार. तो पेलणारा नसेल तर ब्र्युनखेन या वळणापाशी कुंपणालगत उभं राहा. दुपार मजेत जाते.

तिथून बेल्जियममधला स्पा-फ्रँकोर्शाँ ट्रॅक साधारण दीड तासावर. त्यातलं ओ रूज म्हणजे तळाचं डावं वळण, आणि त्यानंतरचा उजवीकडे वर चढणारा भाग म्हणजे रेदियाँ. टीव्हीवर तो चढ सपाट दिसतो, प्रत्यक्षात खालून पाहिलं तर माथ्यापलीकडे फक्त आकाश असतं. ड्रायव्हरलाही तेवढंच दिसतं. शर्यत इथेच बघायची ठरवलीत तर रेनकोट आणि चिखलात चालतील असे बूट न्या. 7 किलोमीटरच्या ट्रॅकवर एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला ऊन असतं. 1970 पर्यंत फॉर्म्युला वन ज्या 14 किलोमीटरच्या जुन्या मार्गावर धावायची, त्यातला मालमेदी-स्ताव्लो भाग आज साधा रस्ता आहे. तो वेगमर्यादेत चालवून बघा. दोन्ही बाजूंना घरं आणि झाडं आहेत, तेव्हाच्या गाड्यांचा वेग आठवला की बोलणं आपोआप थांबतं.

पुढे फ्रान्समध्ये रँसजवळ ग (Gueux) नावाचं गाव आहे. 1966 नंतर तिथे फॉर्म्युला वनची ग्रां प्री झाली नाही, पण डी 27 रस्त्याच्या कडेला जुने पिट्स (शर्यतीत गाड्या थांबवून दुरुस्त करायच्या जागा) आणि स्टँड अजून उभे आहेत, भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींसकट. तिकीट नाही की फाटक नाही. सकाळी लवकर जा.

ल माँचा मोह मात्र आवरा. तिथल्या ट्रॅकचा लांब सरळ भाग, म्युलसान स्ट्रेट, एरवी सार्वजनिक रस्ता असतो हे खरं, पण त्यासाठी पश्चिमेकडे जाऊन परत यायला दोन दिवस मोडतात. तुमची ती एक शर्यत जूनमधली ल माँची 24 तासांची शर्यतच असेल तर गोष्ट वेगळी.

गाडी जर्मनीत घेऊन इटलीत सोडायचा बेत बहुतेक जण करतात आणि दुसऱ्या देशात गाडी सोडण्याचं जादा शुल्क बघून हबकतात. त्यापेक्षा रँसहून स्टुटगार्ट गाठा, पोर्शे आणि मर्सिडीजची म्युझियमं बघा (दोन्ही सोमवारी बंद), गाडी तिथेच परत करा आणि झुरिकमार्गे मिलानला रेल्वेने जा. स्वित्झर्लंडचा टोल स्टिकर वाचतो, आणि इटलीतल्या जुन्या शहरांच्या निर्बंधित भागात चुकून गाडी घातल्याचा दंडही वाचतो. तो दंड सहल संपल्यावर काही महिन्यांनी घरी येतो, वर भाडे कंपनीची फी लावून.

मिलानहून मोंझाला लोकल जाते. सर्किट मोठ्या बागेत आहे, सायकल घ्या. 1955 चं जुनं बँकिंग, म्हणजे तिरकं बांधलेलं वळण, झाडीत उभं आहे. त्याच्या वरच्या कडेपर्यंत चढायला गेलात तर चपलेतून पाय निसटतो, इतकं ते तिरकं आहे. मोदेनालाही रेल्वे आहे आणि तिथून मारानेल्लोच्या फेरारी म्युझियमला बस. दोन्ही गावांतल्या फेरारी म्युझियमांचं मिळून एकच तिकीट मिळतं.

गाडी बुक करताना माणसं मोजता तशा बॅगाही मोजा. चौघं आणि चार मोठ्या बॅगा छोट्या हॅचबॅकमध्ये बसत नाहीत. स्टेशन वॅगन घ्या, आणि कडक सुटकेसऐवजी मऊ बॅगा. करारावर दोन ड्रायव्हरांची नावं हवीत, आणि डिपॉझिटचं क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं. मित्राचं कार्ड काउंटरवर चालत नाही, आणि अख्ख्या सहलीची पहिली भांडणं तिथेच होतात.