आबरव्हानचे गाणारे पुरुष

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सकाळचे सव्वानऊ. ब्रिटनच्या साउथ वेल्समधल्या आबरव्हान गावावर कोळसाखाणीच्या मातीदगडांचा ढिगारा कोसळला. सात नंबरचा हा ढीग डोंगरावर चक्क झऱ्यावरच रचलेला होता. पाणी मुरून आतला माल पातळ झाला आणि थेट पांतग्लास शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं.

जगभरातून १६ लाख पौंडांहून जास्त मदत आली. त्यातलेच दीड लाख उरलेले ढीग हटवायला वापरले गेले. हा अन्यायच होता. ती रक्कम परत मिळाली थेट १९९७ मध्ये, तीही बिनव्याजी.

याच दुःखातून गावातल्या पुरुषांनी अनिसोवेन गायकवृंद उभा केला. लोकांनी आपल्याला भरभरून दिलं, त्याची परतफेड गाण्यातून करायची, हा त्यामागचा विचार. म्हणून धर्मादाय कार्यक्रम हा या वृंदाचा पायाच आहे.

अशा वृंदात उंच आवाजापासून खालच्या आवाजापर्यंत चार आवाज असतात: पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन आणि बास. खरी चणचण पहिल्या टेनरची. वय वाढतं तसा वरचा स्वर ओढून लावावा लागतो आणि तो उतरू लागतो. पट्टी अर्ध्या स्वराने खाली घेतली तर टेनर सुटतात, पण बासचे खालचे शब्द पुटपुटल्यासारखे होतात. त्यापेक्षा बासनाच हळू आवाजात गायला लावावं. साथीशिवाय गाताना सगळा वृंदच हळूहळू उतरतो. बहुतेकदा दोष गंधाराचा असतो. तो किंचित कमी लागला की बाकीचे त्याच्यामागे घसरतात.

पूर्वी खाणकामगार सोल-फा लिपीवरून शिकत: डो, रे, मी यांची आद्याक्षरं, मात्रेला विसर्गासारखी दोन टिंबं, स्वर लांबवायला आडवी रेघ. यातला ‘डो’ आपल्या षड्जासारखाच कोणत्याही पट्टीत बसतो, त्यामुळे पियानो नसलेल्या घरातही पाठांतर व्हायचं.

निधीसाठी कार्यक्रम ठरला की सभागृह आणि तिकिटविक्री साधारणपणे बोलावणाऱ्या संस्थेकडे असते. बहुतेक कार्यक्रम चॅपलमध्येच, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहातच, होतात. तिथे लाकडी सज्जामुळे माइक लागत नाही. वृंद बसभाडं किंवा ठरावीक रक्कम घेतो, उरलेलं संस्थेला. मध्यंतरात रॅफल, म्हणजे बक्षिसांची सोडत, होते आणि तिचीही चांगली भर पडते. फसगत होते ती तिकिटांत. वृंदाचे नातेवाईक येतील या भरवशावर संस्था बसली की खुर्च्या रिकाम्या राहतात, कारण त्या नातेवाइकांनी हीच गाणी गेल्या महिन्यात ऐकलेली असतात. तिकिटं संस्थेने आपल्याच गावात, हातोहात विकायला हवीत. आणखी एक खर्च हमखास विसरला जातो: स्वरलिपीच्या प्रती. परवानगीशिवाय झेरॉक्स चालत नाही, प्रत्येक गायकामागे प्रत विकत घ्यावी लागते.

नव्या माणसाला लिपी यायलाच हवी असं नाही. त्याला त्याच आवाजाच्या दोन मुरलेल्या गायकांच्या मधे उभं करावं. दोन्ही कानांत बरोबर स्वर पडला की तो लवकर तयार होतो.