आमची वाटचाल : चढणं सोपं, उतरणं अवघड

आम्ही जुन्या लष्करी गाड्यांना शिड्या आणि हॅण्डरेल, म्हणजे हाताने धरायच्या दांड्या, बसवून देतो. पण आमची पहिली शिडी विकायला बनवलीच नव्हती. आम्ही दोघे भाऊ फॅब्रिकेशनची किरकोळ कामं करायचो: गेटं, खिडकीच्या जाळ्या, टाकीचे स्टँड. एका मित्राने लिलावात जुना लष्करी ट्रक घेतला, वर्षभर राबून चालता केला आणि पहिल्या फेरीला आपल्या वडिलांना, म्हणजे आमच्या काकांना, बोलावलं. ट्रकचा मागचा फाळका पाडला, स्टूल ठेवलं, दोघांनी धरून काकांना हौद्यात घेतलं. पंचाईत झाली ती उतरताना. पाय खाली सोडला तर स्टूल दिसेना, हाताला धरायला काही नाही. शेवटी पोतं उतरवावं तसं त्यांना उतरवलं. काका काही बोलले नाहीत, पण पुन्हा गाडीत बसलेही नाहीत.

गाड्या बनवणाऱ्यांना तरी काय बोल लावणार? 1941 ते 1945 या काळात अमेरिकेच्या जीएमसी कंपनीचे अडीच टनी लष्करी ट्रक पाच लाखांहून जास्त बनले, ते विशीतल्या फौजी पोरांसाठी. टायरवर पाय, फाळक्यावर हात, की पोरगा आत. आता हे ट्रक हौशी लोकांकडे आहेत. मालकाचे गुडघे कुरकुरतात, हौद्यात नातवंडं बसतात आणि फाळक्याची उंची मात्र तीच, सव्वा मीटरच्या आसपास.

काकांसाठी केलेली शिडी आज पाहिली तर लाज वाटते. दोन पाइप, चार गोल सळ्या, वर दोन आकडे. सळी तळव्यात रुतायची आणि चिखलाच्या बुटाखालून सटकायची. शिवाय ती कायम लटकलेली. ओढ्यातून वर येताना ट्रकचं मागचं टोक खाली गेलं आणि जमिनीला आधी शिडीच टेकली. खालच्या दोन पायऱ्या दुमडल्या. तेव्हापासून आमची प्रत्येक शिडी बिजागरीवर वर दुमडते आणि खिट्टीने अडकते. खालची पायरी वायररोपवर लोंबती ठेवायची पद्धतही आहे. ती वाकत नाही हे खरं, पण पाय ठेवला की आत झुलते आणि वयस्कर माणूस तिथेच घाबरतो. आम्ही ती करत नाही. गिऱ्हाईक अडून बसलं तरी नाही.

पायरीला आता दातेरी कडांची जाळी वापरतो, चिखल खाली गळून जातो. चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा, दिसायला झकास, पण नक्षीत चिखल भरला की तिची घसरगुंडी होते. दोन पायऱ्यांत 300 मिमी अंतर, आणि सगळी अंतरं सारखी. उतरताना डोळे खाली पाहत नसतात, पाय अंदाजाने पुढची पायरी शोधतो. एकच पायरी दोन बोटं खाली-वर झाली तरी तो अंदाज चुकतो.

पण शिडीपेक्षा महत्त्वाचं हॅण्डरेल. दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम हवेत. म्हणून रेल हौद्याच्या तळापाशी संपवून चालत नाही, ती कमरेच्या वर जायला हवी. माणूस पाठमोरा होऊन पहिला पाय खाली टाकतो, तेव्हा हाताला तीच लागते. पाइप 30 ते 35 मिमी व्यासाचा, म्हणजे मुठीत पूर्ण मावतो. आणि मागच्या पत्र्यापासून इतका लांब की हातमोजा घातलेली बोटं अडकू नयेत.

आमचा मोठा फजितवडा झाला तो युनिमॉग 404 या जर्मन लष्करी ट्रकवर. एक लांबलचक रेल केली, एक टोक केबिनला, दुसरं हौद्याला. दिसायला सुरेख! पहिल्याच खडबडीत रस्त्यावर वेल्ड टरकन फाटलं. आम्हाला वाटलं टाका कच्चा राहिला, म्हणून आणखी जाड वेल्ड भरलं. मग पत्राच फाटला. त्या गाडीची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, मुद्दाम पिळवटते, चारही चाकं जमिनीवर राहावीत म्हणून; केबिन आणि हौदा एकमेकांपासून सुटे हलतात. आम्ही त्या दोघांना बांधून टाकलं होतं. गिऱ्हाइकाला दोन सुट्या रेल फुकट करून दिल्या.

चेसिसला भोक पाडायचं झालं तर उभ्या पट्टीत पाडतो, वरच्या-खालच्या कडेला ड्रिल लावत नाही, कारण जास्तीत जास्त ताण तिथेच असतो. पत्र्यावर बसवताना मागून जाड पट्टी लावतो, नाहीतर बोल्ट पत्र्यासकट बाहेर येतो. पान्यांचा तर तमाशा: अमेरिकन गाडीचे आटे इंची, जर्मनचे मिलिमीटरचे, जुन्या इंग्रजी गाड्यांचे तिसरेच. बोल्ट हाताने तीन फेरे गेला नाही तर पाना लावायचा नाही, हा धाकट्याचा नियम.

धाकट्याने आणखी एक धडा अंगावर काढला. जस्ताचा मुलामा असलेला पाइप बंद शेडमध्ये वेल्ड केला आणि रात्री थंडी वाजून ताप. जस्ताचा धूर. आता आधी साधा पाइप जोडतो, मग गरम जस्तात बुडवायला पाठवतो. त्यासाठी प्रत्येक बंद पाइपला भोक ठेवावंच लागतं. 450 अंशांच्या जस्तात आतली कोंडलेली हवा आणि ओल पाइप फोडू शकते. तीच गोष्ट गाडीच्या जुन्या रंगाची. त्यात शिसं, क्रोमेट अशी विषारी द्रव्यं असू शकतात, म्हणून मास्क चढवल्याशिवाय ग्राइंडर चालू होत नाही. काही गिऱ्हाइकं या वेळखाऊपणावर वैतागतात. वैतागू देत.

हल्ली वेगळीच मागणी येते: शिडी हवी, पण मूळ गाडीला एकही नवीन भोक नको. फाळक्याच्या बिजागरीच्या पिना आणि ताडपत्रीच्या कमानींची खोबणी, एवढ्यावरच सगळं तोलायचं. दोन नमुने झालेत. पहिला वजन पेलतो, पण फाळका बंद होऊ देत नाही. दुसरा बंद होतो, पण डाव्या बाजूला थोडा डुगडुगतो. तिसऱ्याचे पाइप परवा वाकवून ठेवलेत. चढून पाहायला काका येणार आहेत. उतरून पाहायलाही तेच.