कौलांवरचा कप्तान

मे महिन्यात घर शाकारायला येणाऱ्या काकांचा आमच्या फुटबॉलवर भारी राग. चेंडू पडवीवर गेला की ते वरूनच ओरडायचे, "मेल्यांनो, एक जरी कौल फुटलं ना, चेंडू चुलीत घालीन!" छपरावरचा माणूस आणि फुटबॉल यांचं हाडवैर असतं, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं.

मग वाचनात निक रॉस नावाचा जुना फुटबॉलपटू आला. हा मूळचा एडिंबराचा, आणि धंदा छपरांवर स्लेटच्या पाट्या बसवायचा. म्हणजे काकांच्याच जातकुळीतला! १८८३ मध्ये तिथल्याच हार्ट्स क्लबची कप्तानी सोडून तो इंग्लंडात प्रेस्टनला आला. खेळायचे पैसे घेणं तेव्हा नियमाबाहेर होतं. म्हणून बाहेरून आणलेल्या खेळाडूला गावात काहीबाही काम लावून द्यायचं आणि शनिवारी मैदानात उतरवायचं, असा सगळा मामला. प्रेस्टन क्लबचे कर्तेधर्ते विल्यम सडेल यांनी १८८४ मध्ये ते सरळ कबूल केलं आणि संघ एफए कपातून, म्हणजे इंग्लंडातल्या मानाच्या बाद फेरीच्या स्पर्धेतून, बाद झाला. पुढच्याच वर्षी, जुलैत, पैसे घेणं रीतसर झालं ते झालंच.

१८८८ ची एफए कपाची फायनल. प्रेस्टनवाल्यांनी म्हणे सामन्याआधीच कपाबरोबर फोटो काढायची परवानगी मागितली. पंच मेजर मॅरिंडिन म्हणाले, आधी जिंका तर खरं! प्रेस्टनवाले वेस्ट ब्रॉम क्लबकडून २-१ ने हरले. निक बॅकला, म्हणजे बचावफळीत होता.

त्या उन्हाळ्यात तो लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबात गेला. आणि नेमकी त्याच वर्षी पहिली लीग सुरू झाली. प्रेस्टनने २२ पैकी एकही सामना गमावला नाही, वर एफए कपही घेतला, तोही एकही गोल न खाता. फायनलच्या तीन गोलांतला एक निकच्या धाकट्या भावाचा, जिमीचा. एव्हर्टन आठवं. पाच वर्षं घर शाकारायचं आणि पहिला पाऊस दुसऱ्याच्या ओसरीवरून बघायचा, अशातली गत.

वर्षभरात निक परतला, लीगचं विजेतेपद त्यालाही मिळालं. कप मात्र नाहीच.

१८९४ च्या ऑगस्टमध्ये तो क्षयाने गेला, ३१ व्या वर्षी. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखला क्षयाचा जंतू सापडून बारा वर्षं झाली होती. औषध यायला अजून पन्नासेक होती. जिमीही १९०२ मध्ये गेला. तो ३६ चा.