बोट लागणाऱ्या माणसाने हिमनदी कुठून पाहावी

आमच्या घरात ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार माझ्याच नावावर जमा आहे. लग्नानंतर पहिल्यांदा अलिबागला जाताना भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसले आणि उतरले तेव्हा माझा चेहरा पाहून सासूबाईंनी आल्या आल्या अंथरूण घातले. त्यानंतरची कित्येक वर्षे अलिबाग म्हणजे पेण-वडखळचा रस्ता, हे ठरूनच गेले होते. त्यामुळे गेल्या वर्षी भाचीकडे सिएटलला जाण्याचे ठरले, तिथून पुढे आठवडाभर अलास्का, आणि अलास्कात समुद्रात उतरणारी हिमनदी बोटीतून पाहायची असे मुलीने जाहीर केले, तेव्हा मी आनंद दाखवला खरा, पण रात्री झोप लागली नाही.

अँकरेजमध्ये मुक्काम करणाऱ्या प्रवाशासमोर अशा सफरीसाठी मुख्यतः दोन बंदरे असतात. सुमारे 200 किलोमीटर दक्षिणेला स्यूअर्ड, जिथून कीनाय फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानात जाता येते. आणि त्याच्या निम्म्याच अंतरावर व्हिटिअर, जिथून प्रिन्स विल्यम साउंड या जमिनीने वेढलेल्या समुद्राच्या भागात बोटी सुटतात. दोन्हीकडची माहितीपत्रके मी ऐरोलीच्या घरी डायनिंग टेबलावर छापून पसरली होती. निळा बर्फ, पाणमांजर, देवमाशाची शेपटी आणि गरम जेवण हे सगळीकडे सारखेच. बोट किती तासांची, किती मजली, खिडक्या केवढ्या, हेही होते. ती नेमकी कोणत्या पाण्यातून जाते, हे मात्र नकाशा उघडल्याशिवाय कळत नव्हते.

खाडीकाठी राहणाऱ्या माणसाला खरे तर हे आधी सुचायला हवे होते. ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला जी बोट जाते, तिच्यात मी दोनदा बसले आहे आणि दोन्ही वेळा डबा उघडून थालीपीठ खाल्ले आहे. ठाण्याच्या खाडीत भरती-ओहोटीने पाणी चढते-उतरते, पण बोट हलत नाही, कारण दोन्ही बाजूंना जमीन आणि कांदळवन आहे. तीच मी गेटवेहून मांडव्याला निघाले, की बंदराच्या तोंडाशी नैर्ऋत्येकडून उघड्या अरबी समुद्राची लाट आत येते आणि माझे पोट ती कुणाच्याही आधी ओळखते. म्हणजे बोट, इंजिन, डिझेलचा वास सगळे तेच. फरक फक्त आडोशाचा.

हाच फरक अलास्काच्या नकाशात स्पष्ट दिसतो. स्यूअर्डहून निघालेली बोट रेझरेक्शन उपसागरातून दक्षिणेला येते, आयालिक भूशिराला वळसा घालते आणि मग आयालिकच्या किंवा होल्गेटच्या हिमनदीकडे आत शिरते. भूशिराच्या त्या टप्प्यात बोटीच्या आणि अलास्काच्या आखाताच्या मध्ये आडोशाला फारसे काहीच नसते. उपसागराबाहेर न जाणारी अर्ध्या दिवसाची सफरही स्यूअर्डहून मिळते आणि ती बरीच शांत असते, पण तिच्यात समुद्रात कोसळणाऱ्या हिमनदीच्या समोर जाता येत नाही. आणि मला तर तेच पाहायचे होते. उलट प्रिन्स विल्यम साउंडच्या तोंडावर माँटेग्यू आणि हिंचिनब्रुक ही मोठी बेटे आडवी पडलेली आहेत, आणि व्हिटिअर तर त्या साउंडच्याही पश्चिमेकडच्या एका अरुंद फाट्याच्या टोकाला आहे. तिथे वारा सुटतो, पाऊस तर मुक्कामालाच असतो, पण लाट येता येता दमते.

लाटेविषयी थोडे सांगायला हवे, कारण माझी स्वतःची समजूत उलटी होती. आदळणारी, पाणी उडवणारी लाट वाईट, असे मला वाटायचे. प्रत्यक्षात त्या बारीक लाटांनी बोट थडथडते, पण मळमळ तितकीशी होत नाही. माणसाला सर्वाधिक त्रास होतो तो साधारण पाच सेकंदांतून एकदा होणाऱ्या संथ वरखालीचा. दूरच्या वादळातून निघून शेकडो किलोमीटर चालत आलेली लांब लाट बोटीला अशाच संथ झोक्यात टाकते, आणि ती येण्यासाठी त्या जागी वारा असावाच लागत नाही. ‘आज हवा छान आहे’ हे आश्वासन म्हणूनच अपुरे असते. आतल्या कानाला झोका कळतो, डोळ्यांसमोरची केबिन मात्र स्थिर दिसते, आणि या दोन साक्षींचा मेळ बसेना की पोट निकाल देऊन टाकते.

प्राणी पाहण्याच्या सफरीत आणखी एक मेख आहे. साधी फेरीबोट एका दिशेने चालत राहते. ही बोट देवमासा दिसला की थांबते. चालत्या बोटीला जो थोडाफार तोल असतो तो थांबल्यावर जातो, बोट लाटेला आडवी होऊन डुलू लागते, इंजिनाचा धूर मागच्या डेकवर रेंगाळतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण क्षितिजावरची नजर काढून दुर्बिणीला किंवा कॅमेऱ्याला डोळा लावतो. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तो क्षणच सर्वांत धोक्याचा. उघड्या समुद्रात देवमासे अधिक दिसण्याची शक्यता असते, हे मी मान्य करते. पण ते पाहताना माझी मान कुठे असेल, याचा विचार मलाच करावा लागणार होता.

गोळ्यांच्या बाबतीत मी आमच्या डॉक्टरांना विचारले. घाटातल्या एसटीपासून ओळखीची असलेली एव्होमिन माझ्यासाठी चालेल, मात्र ती निघण्याच्या आधी पुरेशा वेळेवर घ्यायची, असे त्यांनी बजावले. एकदा उमासे सुरू झाले की पोटात गेलेली गोळी पोटात राहील याचाच भरवसा नसतो. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा इतर औषधे चालू असणाऱ्यांनी या जातीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत. अमेरिकेत मेक्लिझिनची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीला मात्र तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मी मे महिन्यात, पावसाळ्यासाठी लाँचसेवा बंद होण्याआधी, गोळी घेऊन मांडव्याला जाऊन आले. मुद्दाम परतीची दुपारची बोट धरली, कारण तेव्हा वारा असतो. उलटी झाली नाही. पण गेटवेला उतरल्यावर टॅक्सीत जी झोपले ती थेट ऐरोलीला जागी झाले. गोळी लागू पडते आणि गुंगीही आणते, हे दोन्ही तिकिटाच्या खर्चात कळले. हिमनदीसमोर झोपायचे नसल्यामुळे माझा कौल आणखीच व्हिटिअरकडे झुकला.

मुलीला हे पटले नाही. “आई, एवढं लांब जाऊन पफिन नाही बघायचे?” पफिन पक्षी आणि सी लायनचे खडक यांसाठी स्यूअर्डची बाजू सरस आहे, हे तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. शेवटी दोन दिवसांची वाटणी झाली. एक दिवस सगळ्यांनी व्हिटिअर, आणि दुसऱ्या दिवशी ती आणि तिचे बाबा आयालिकला जातील, मी स्यूअर्डच्या धक्क्यावर पुस्तक घेऊन बसेन. यजमानांनी “मला काही लागत नाही” असे नेहमीच्या ठामपणाने सांगितले. व्हिटिअरच्या बाजूला ‘बोट लागणार नाही’ अशी हमी देणारी जाहिरातही मी पाहिली; अशा हमीत पैसे परत मिळतात, सकाळचा नाश्ता नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

व्हिटिअरला रस्त्याने पोहोचायला डोंगरातला सुमारे 4 किलोमीटरचा बोगदा पार करावा लागतो. तो एकपदरी आहे, त्याच रस्त्यात बसवलेल्या रुळांवरून रेल्वेही जाते, आणि गाड्यांना ठरावीक वेळीच त्या त्या दिशेने सोडतात. वेळ चुकली तर बोटही चुकते. आम्ही ब्लॅकस्टोन उपसागराची सफर निवडली होती, कारण तिच्यात लांबचा पल्ला नव्हता. मी खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्याजवळ, पुढे तोंड करून जागा धरली. कोरडी पोळी खाल्ली, आलेपाकाची वडी गालात धरली, गोळी पिशवीतच ठेवली. समोरच्या कड्यावर किटिवेक पक्ष्यांची वसाहत आणि तिच्या बाजूने कोसळणारे धबधबे गेले. मग पहिले पाणमांजर दिसले. ते उताणे पडून, पुढचे पंजे पाण्याबाहेर धरून, आमच्याकडे शेजारच्या गॅलरीतल्या माणसासारखे पाहत होते. याच साउंडमध्ये 1989 साली एक्सॉन व्हाल्डीझ जहाजातून तेल सांडले, तेव्हा यांची फार मोठी हानी झाली. या प्राण्याच्या अंगावर चरबीचा थर नसतो, सगळी ऊब त्या दाट केसांत अडकलेल्या हवेची, आणि केसांना तेल लागले की ती ऊब जाते.

हिमनदीसमोर बोटीचे इंजिन बंद झाले, तेव्हा मी सवयीने कठडा घट्ट धरला. काहीच झाले नाही. पाणी ताटात ठेवल्यासारखे होते. बर्फाचे लहान तुकडे बोटीभोवती तरंगत होते आणि त्यांतून गरम तेलात मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज येत होता. बर्फात फार पूर्वी कोंडली गेलेली हवा वितळताना अशी फुटते. मग समोरच्या निळ्या कड्याचा एक पापुद्रा, आवाज न करता, निसटला. पाण्यात पडल्यावर काही क्षणांनी त्याचा गडगडाट आमच्यापर्यंत आला आणि त्यानंतर एक लाट. एकच. बोट दोनदा डुलली आणि थांबली. देवमासा त्या दिवशी एकही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी स्यूअर्डच्या धक्क्यावर संध्याकाळी बोट आली, तेव्हा मुलगी आधी उतरली. तिच्याकडे पफिनचे फोटो होते, आणि दोन देवमाशांच्या पाठींचेही. यजमान सर्वांत शेवटी, कठडा धरून उतरले. भूशिरापाशी काय झाले हे त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “तुझ्याकडचा आलेपाक उरलाय का?”