चिंगीला ग्रूमिंगला नेताना

चिंगी मूळची माझ्या थोरल्या नणंदेची. शित्झू जातीची, वयाने उतरणीला लागलेली. नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये चिंगीला फिरवायला कुणी उरलं नाही, म्हणून ऐन पावसाच्या तोंडावर ती मालवणला आमच्याकडे आली. वरवर हात फिरवला तर केस मऊ लागायचे, पण कानांमागे आणि काखेत बोटं आत घातली की नारळाच्या सोडणासारखं घट्ट काहीतरी लागायचं. शित्झूचे केस माणसाच्या केसांसारखे वाढत राहतात, आणि गळलेले केस खाली न पडता वाढत्या केसांतच अडकतात. त्यात आमचा पावसाळा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे कुत्र्याच्या काखेतला गुंता कधी वाळणार?

गुंता ओला झाला की आणखी आवळतो. म्हणून आधी विंचरायचं आणि मग आंघोळ, हे मला आता ठाऊक आहे. चिंगीच्या बाबतीत विंचरण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती.

पहिल्यांदा एका ग्रूमिंगच्या, म्हणजे कुत्र्यांचे केस कापून आंघोळ घालून देणाऱ्या दुकानात नेलं. तिथे मला कुणी काही विचारलं नाही. वय नाही, लस नाही, आजार नाही. पट्टा घेतला, संध्याकाळी या म्हणाले. संध्याकाळी चिंगी परफ्यूमचा वास मारत बाहेर आली आणि घरी येऊन मांडीच्या आतल्या बाजूला चाटत बसली. बघते तर तिथली कातडी सोलवटलेली. गुंत्यात कातडी ओढली जाते आणि मशीनचं ब्लेड लागू शकतं. चांगल्या हातालाही हे होतं, त्याचा मला राग नाही. राग आला तो न सांगण्याचा. पैसे घेताना एवढं एक वाक्य बोलले असते, तर मी रात्री तिला चाटू दिलं नसतं. चाटून चाटून ती जागा ओली झाली आणि सकाळी डॉक्टरकडे जावं लागलं.

त्या जनावरांच्या डॉक्टरांनीच कुडाळच्या एका मुलीचा नंबर दिला. घरीच एका खोलीत ग्रूमिंग करते, एका वेळी एकच कुत्रा घेते. मी फोन केला तेव्हा वाटलं होतं की तारीख आणि दर एवढंच बोलणं होईल. तिने प्रश्न सुरू केले. वय किती? रेबीजची लस कधी दिली, कार्डाचा फोटो पाठवाल का? फिट येते का, हृदयाचं काही औषध चालू आहे का? कानाला वास येतो का? मानेवर गोचिडांचं औषध टाकलंय का, टाकलं असेल तर कधी? (ते औषध टाकल्याच्या आधी-नंतर साधारण दोन दिवस आंघोळ टाळायची असते, नाहीतर बऱ्याच औषधांचा परिणाम कमी होतो.) जिथे गुंता आहे तिथले केस बाजूला करून फोटो काढा, वरून काढलेला नको, असंही म्हणाली. आणि शेवटी विचारलं, "काकू, कुठे हात लावलेला तिला आवडत नाही? कधी कुणाला चावलीय का?"

मला माहीत नव्हतं. नणंदेला फोन लावला. ती जरा घुटमळली, मग म्हणाली, "पायाला हात लावला की पकडते गं. इथल्या मुलाच्या अंगठ्याला एकदा दात लागला होता. पण तू तिला सांगू नकोस, नाहीतर घेणार नाही ती." नणंदेची भीती मला समजते. बहुतेक जण असाच विचार करतात. पण ज्या मुलीचे दोन्ही हात दिवसभर कुत्र्याच्या तोंडाजवळ असतात, तिच्यापासून हे लपवायचं म्हणजे काय? दात लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, दवाखाना गाठायचा, इंजेक्शनांच्या तारखा सांभाळायच्या, आणि हात बरा होईपर्यंत काम बंद. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बोललात. मग नखं एकदम शेवटी घेऊ, आणि तेवढ्यापुरती तोंडाला जाळी घालू." बस्स. ना नकार, ना जादा पैसे. फक्त कामाचा क्रम बदलला.

मी एक भलताच प्रश्न विचारला होता, तोही सांगते, कारण तो पुष्कळांच्या मनात असतो: झोपेची अर्धी गोळी देऊन आणू का? तिने ठाम नाही म्हटलं. गुंगीचं औषध फक्त डॉक्टरने तपासून द्यायचं, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास आधीच असतो.

ठरल्या दिवशी धामापूरच्या रस्त्याने रिक्षाने निघालो. सकाळी तिला थोडंच खायला दिलं होतं आणि पोचल्यावर आत जाण्याआधी बाहेर फिरवून मोकळी करून घेतली. पोट भरलेला, लघवी तुंबलेला कुत्रा टेबलावर तासभर शांत कसा उभा राहील? पावसाने रस्त्यात उशीर होतोय हे दिसल्यावर वाटेतल्या चौके गावाहूनच फोन करून कळवलं. दिवसाला मोजकेच कुत्रे घेणाऱ्या माणसाचा अर्धा तास आपण खाल्ला, तर तो पुढच्या कुत्र्याच्या वाट्याचा जातो.

आत गेल्यावर तिने लगेच मशीन उचललं नाही. जमिनीवर बसली, चिंगीला हात हुंगू दिले. मग टेबलावर घेऊन बोटांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपत गेली आणि सापडेल ते मला दाखवत गेली. डाव्या कानामागचा गुंता बोटाने उचलून म्हणाली, "हा बघा, कातडीला चिकटलाय. सोडवायला गेले तर तिला तासभर ओढाताण सहन करावी लागेल. मशीनने काढला तर दहा मिनिटं. पण मग सगळे केस बारीक होतील, आणि आत लाल कातडी दिसेल. काय करू?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट बघत हात थांबवला. नणंदेला चिंगीची लांब झुलपं फार आवडायची. तरी मी म्हटलं, काढ. गुंत्याच्या कामाचे जादा किती होतील तेही तिने तेव्हाच सांगितलं, काम झाल्यावर नव्हे. मी घासाघीस केली नाही.

मग म्हणाली, "काकू, तुम्ही बाहेर थांबलात तर बरं." मला आवडलं नाही, पण थांबले. दाराच्या काचेतून बघत होते. मी समोर असेपर्यंत चिंगी माझ्याकडे उडी मारू बघत होती. मी दिसेनाशी झाल्यावर तिने सुस्कारा टाकला आणि उभी राहिली. मालकाने खोलीत असावं की नसावं यावर लोक हिरीरीने भांडतात. माझं मत असं की ते कुत्र्यावरून ठरावं, आणि बाहेर थांबवणाऱ्याने आत काय चाललंय ते दिसेल अशी सोय ठेवावी. बंद दाराआड कुत्रा घेऊन जाणाऱ्याकडे मी पुन्हा जाणार नाही. टेबलावर गळ्यात पट्टा अडकवलेल्या कुत्र्याला सोडून ती मुलगी एकदाही हलली नाही. कुत्र्याने उडी मारली तर त्या पट्ट्याचा फास होतो. मधे मधे ब्लेड मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, तापलं असेल तर बदलायची. केस वाळवताना वारा दूर ठेवला, तोंडावर अजिबात नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं, आणि चपट्या नाकाला तेही नीट जमत नाही.

नखांच्या वेळी चिंगी गुरगुरली. जाळी घातली होती. तिची नखं काळी, त्यामुळे आतली जिवंत शीर दिसत नाही. त्या मुलीने एकेका नखाचं टोक पातळ पातळ कापत आणलं, आणि मागचा एक पाय झाल्यावर थांबून मला आत बोलावलं. "तीन पाय राहिले. आज पुरे करूया, ती दमलीय. पुढच्या वेळी घेऊ." अर्धं काम ठेवून पाठवणारी बाई मला जास्त भरवशाची वाटली.

निघताना जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. पुढच्या पायाच्या बोटांत गोचिडी होत्या, त्या काढल्या, पण हिरड्या फिक्या वाटल्या किंवा ताप आला तर लगेच रक्त तपासा. उजव्या कानाला आंबूस वास आहे, मी काही घातलेलं नाही, डॉक्टरांना दाखवा. पोटावर वाटाण्याएवढी गाठ लागली, तुम्हाला माहीत होती का? माहीत नव्हती. "काय आहे ते मी सांगू शकत नाही. ते डॉक्टरांचं काम," म्हणाली. गाठ साधी चरबीची निघाली. पण इतके केस असताना ती आम्हाला कधी सापडली असती कोण जाणे.

आता रोज संध्याकाळी पडवीत बसून विंचरते. आधी ब्रश, मग लोखंडी फणी, केसांच्या मुळापासून. फणी अडली नाही तरच विंचरून झालं म्हणायचं. त्यामुळे नंतरच्या खेपा तिला आणि त्या मुलीला दोघींनाही सोप्या गेल्या, आणि गुंत्याचे जादा पैसेही वाचले. गणपतीच्या आधी तिच्याकडे तोबा गर्दी असते. चाकरमानी आपापले कुत्रे घेऊन येतात आणि सगळ्यांना चतुर्थीच्या आधीचीच वेळ हवी असते. म्हणून मी जुलैतच सांगून ठेवते, आणि जमणार नसेल तर दोन दिवस आधी कळवते, म्हणजे ती वेळ दुसऱ्या कुणाला मिळते.

शेजारची काकी म्हणते, "कुत्र्याचे केस कापूक येवढे पैशे?" तिच्या मुलाचा गोल्डन रिट्रीव्हर आहे. उन्हाळ्यात त्याला उकडतं म्हणून मुलाने याच मुलीला सगळे केस भादरायला सांगितलं. तिने नकार दिला. त्या जातीला खाली दाट लोकर आणि वर लांब केस असे दोन थर असतात. वरचा थर उन्हापासूनही वाचवतो, आणि एकदा भादरला की पुन्हा तसाच येईल याची खात्री नसते. खालची गळकी लोकर विंचरून काढली की वारा कातडीपर्यंत पोचतो, तेवढं करून देते म्हणाली. मुलगा चिडला, गिऱ्हाईक मी की तू, असं बोलला. ती शांतपणे म्हणाली, गिऱ्हाईक तुम्ही, पण केस त्याचे आहेत. मुलगा कुत्र्याला घेऊन परत गेला. पुढच्या आठवड्यात काकीने माझ्याकडून नंबर घेतला, आणि मी तो देताना आधी लसीचं कार्ड शोधून ठेवायला सांगितलं.