तुम्ही विचारलंत म्हणून: बंड्या असताना मला माणसं लागत नव्हती का?

"तुला काय बाई, बंड्या आहे!" हे वाक्य मी बारा वर्षं ऐकलं. कधी कौतुकानं, कधी टोमणा म्हणून. एकटी राहणारी बाई आणि तिचा कुत्रा म्हटलं की लोक उत्तर मनाशी धरूनच प्रश्न विचारतात. बंड्याला जाऊन आता दीड वर्ष झालं, तरी प्रश्न काही थांबलेला नाही. फक्त जरा हळू आवाजात येतो: खरं सांग, माणसाची जागा घेतली होती ना त्यानं?

घेतली होती. चौदा महिने.

आई गेल्यावर माझं आणि धाकट्या बहिणीचं बिनसलं. निमित्त काय, तर हॉस्पिटलात कोण किती रात्री जागलं. मी म्हटलं, माझ्या नऊ झाल्या. ती म्हणाली, सात. आणि दिवसभर मी पळत होते ते कुठं गेलं? शब्दानं शब्द वाढला आणि मी तणतणत तिच्या घरून निघाले. माझं दार उघडलं तर समोर बंड्या, नुसती शेपूट नव्हे, मागचं अख्खं अंग हलवत, तोंडात माझीच चप्पल. मी तिथंच फरशीवर बसकण मारली. त्यानं मांडीवर डोकं टाकलं आणि वर बघत राहिला. दहा मिनिटांत माझा राग उतरला.

या बघण्यावर जपानी संशोधकांनी अभ्यास केलाय, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले, तर दोघांच्याही शरीरातलं ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या जवळिकीशी जोडलेलं हेच ते संप्रेरक. माणसानं वाढवलेल्या लांडग्यांत असं काही दिसलं नाही. म्हणजे त्या संध्याकाळी मला जे बरं वाटलं, ते मनाचे खेळ नव्हते. रडारड करून कुणा मैत्रिणीकडून मिळालं असतं तेवढंच खरं होतं.

आणि घोटाळा तिथंच झाला. राग धुमसत राहिला असता, तर चार दिवसांनी मी भांडायला का होईना, बहिणीला फोन केला असता. पण मला रोज संध्याकाळी बरं वाटत होतं. फोनची निकडच उरली नाही.

त्या महिन्यांत मी बंड्याशी बहिणीबद्दल पुष्कळ बोलले. त्यानं प्रत्येक वेळी माझीच बाजू घेतली. निदान मला तसं वाटायचं. कुत्र्याचा अपराधी चेहरा तुम्ही पाहिलाय ना? कान मागं, नजर चोरलेली. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं २००९ मध्ये त्यावर एक प्रयोग मांडला होता. खाऊ समोर ठेवायचा, 'खायचा नाही' म्हणून मालकानं खोलीबाहेर जायचं, आणि परत आल्यावर कुत्र्यानं तो खाल्ला की नाही हे कधी खरं, कधी खोटं मालकाच्या कानावर घालायचं. दिसलं असं, की तो चेहरा चूक केल्यामुळे होत नाही, मालक रागावल्यामुळे होतो. खाऊला तोंडही न लावलेली कुत्री रागावल्यावर तशीच दिसत होती, उलट थोडी जास्तच. हे वाचलं तेव्हा मला आधी चपलेपायी त्याला दिलेल्या शिव्या आठवल्या, आणि मग बहीण आठवली. बंड्याच्या चेहऱ्यावर मी जे वाचत होते, ते मीच तिथं लिहिलेलं होतं. बहिणीच्या चेहऱ्यावर माझं काही चालत नाही. तिथं ती स्वतः असते, आणि तिचं म्हणणं सात रात्री असंच असतं.

बंड्या हिशोब ठेवत नव्हता, म्हणून लोक म्हणतात की जनावर किती मोठ्या मनाचं असतं. असेलही. पण ज्याला आपली चूक माहीतच नाही, त्याच्याकडून माफी मिळाल्याचं समाधान मला तरी कधी झालं नाही.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. मला सकाळी साडेसहाला उठवून बाहेर काढणारा तो एकटाच होता. त्याच्यामुळे अनोळखी लोक माझ्याशी बोलायला लागले. त्यातल्या एका बाईंना मी सात वर्षं 'शेरूची आई' म्हणूनच ओळखते. नाव विचारायचं राहून गेलं आणि आता विचारायची लाज वाटते.

जर्मनीत ओबरकासेल इथं १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं: एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक पिल्लू. त्याच्या दातांवरून पुढं कळलं की ते डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगानं आजारी पडलं होतं आणि त्यातून काही आठवडे तरी तगलं होतं. कुणीतरी निगा राखल्याशिवाय हे होणं कठीण. शिकारीला निरुपयोगी झालेल्या पिल्लाला तेव्हाही कुणीतरी पाणी पाजत बसलं असेल. मला त्यात विशेष वाटतं ते हे, की त्या खड्ड्यात तिघं आहेत.

बंड्याच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल." बारा वर्षं त्याचं सगळं मीच ठरवलं होतं. केव्हा खायचं, केव्हा बाहेर जायचं, कुठं झोपायचं. तेव्हा ती माया वाटायची. त्या दिवशी मात्र कुणीतरी विरुद्ध बोलायला हवं होतं, किंवा निदान 'हो' म्हणायला. मी बहिणीला फोन लावला. चौदा महिन्यांनी. "हं, बोल," ती म्हणाली, जणू कालच बोललो होतो. पाऊण तासात ती हजर झाली.

माझ्या शेजारी खाली बसली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मधेच थांबली. "ही आईची शाल ना?"

आईचीच होती. बंड्या दोन वर्षं तिच्यावर झोपत होता. घरी येणाऱ्या एकालाही ती कुणाची हे ओळखता आलं नव्हतं. येणार कसं? आता जगात आम्हा दोघींनाच ते कळतं.

"कुत्र्याला दिलीस?" ती म्हणाली. डॉक्टर सिरिंज भरत होते आणि आम्ही दबक्या आवाजात भांडत होतो. मग दोघींनी मिळून त्याचं डोकं धरलं.

शाल ती धुवायला म्हणून घेऊन गेली. अजून परत केलेली नाही. मागच्या रविवारी फोनवर त्यावरूनच वाजलं.