फ्रीजची किल्ली

एप्रिलमध्ये सोलापुरात लाइट गेली की मी आधी लेबर रूमच्या फ्रीजकडे धावते. ऑक्सिटोसिन, म्हणजे बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन, २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, बाहेर असतात ४२. तासभर लाइट आली नाही तर ॲम्प्युल बर्फाच्या डब्यात हलवायच्या, हा माझा नियम. नव्या सिस्टर हसतात. राक्षसाचा जीव पोपटात तसा मॅडमचा फ्रीजमध्ये, म्हणे.

एप्रिल २०२५ मधली ती दुपार. तिसऱ्या खेपेची बाई, शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातली, विड्या वळणारी, हिमोग्लोबिन आठच्या आत. डिलिव्हरी सरळ झाली, बाळ लगेच रडलं, वारही पडली. १० युनिट ऑक्सिटोसिन ठरल्याप्रमाणे दिलेलं. सासू तेलुगूत काहीतरी पुटपुटत नातवाचं तोंड बघत होती. मी पोटावर हात ठेवला. गर्भाशय दगडासारखं लागायला हवं, ते कणकेसारखं मऊ.

रक्त डोळ्यांनी मोजू नये. पॅड पितात, घरून आणलेली सोलापुरी चादर तर त्याहून जास्त पिते, आणि आपण "थोडंच आहे" म्हणत राहतो. दहा वर्षांपूर्वी मीही एकदा तसंच म्हटलं होतं. ती बाई वाचली, पण त्यात माझी हुशारी काही नव्हती. तेव्हापासून भिजलेलं सगळं मी बाळाच्या वजनकाट्यावर टाकते. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. कोरं वजन वजा जाता साडेआठशे भरलं.

डॉक्टरांना हाक मारली. ते येईपर्यंत मसाज, लघवीची नळी, दुसऱ्या हाताला सलाइन, त्यात २० युनिट ऑक्सिटोसिन. मग रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम, दहा मिनिटं घेऊन सावकाश. रक्ताच्या दोन पिशव्या मागवल्या. त्या दारात आल्या तेव्हा माझ्या तळहाताखाली गर्भाशय आवळत होतं. सासू म्हणाली, "अक्का, जेवली का तू?"

जेवले नव्हते. रात्री घरी शेंगाचटणी-भाकरी खायला माझी बॅचमेट होती. ती चार वर्षं दक्षिण सुदानात एका प्रसूती केंद्रात होती. पगार, औषधं, डिझेल, सगळं अमेरिकेच्या मदतीवर. २० जानेवारीला ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवस रोखण्याचा आदेश काढला, आणि त्याच आठवड्यात काम थांबवायची पत्रं सुटली. जीव वाचवणाऱ्या कामांना सूट आहे असं नंतर जाहीर झालं. हिच्या केंद्राकडे पैसा काही आला नाही. फेब्रुवारीत ही सोलापुरात.

मी दुपारची केस सांगितली. ती भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिली.

"काटा तिथंही होता," ती म्हणाली. "मसाज येणाऱ्या सुईणी होत्या, मीच शिकवलेल्या. पण फ्रीज सोलरवर, त्याची बॅटरी बघणारा माणूस प्रकल्पाचा, गाडीचं डिझेल प्रकल्पाचं. मी स्टॉकच्या यादीवर सही केली, किल्ली दिली. ऑक्सिटोसिन चाळीस. ते संपल्यावर काय, त्याला यादीत रकाना नव्हता."

त्याच एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल आला होता. २०२३ मध्ये गरोदरपणात आणि बाळंतपणात २ लाख ६० हजार बायका गेल्या. २००० पासून प्रमाण ४० टक्के उतरलं, पण मदत तुटली तर ही घसरण उलटायची भीती. अमेरिकेचा पैसा नसेल तर एकट्या अफगाणिस्तानात २०२५ ते २०२८ मध्ये १,२०० जादा मातामृत्यू होतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज. मी हे बोलू लागले तर ती म्हणाली, "आकडे नको गं. मला चेहरे दिसतात."

माझ्या कपाटात एका जुन्या ट्रेनिंगचं फोल्डर आहे, त्यावर हस्तांदोलनाचं चित्र आणि "अमेरिकी जनता की ओर से". शिकले मी त्यांच्या पैशावर, हे खरं. पण औषध, रक्त, गाडी हे आपल्याकडे २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात, आपल्याच तिजोरीतून. मला राग दोघांचाही येतो. एका पत्रानं सगळं थांबवणाऱ्यांचा, आणि स्वतःच्या देशातल्या बायकांची बाळंतपणं इतकी वर्षं परक्याच्या चेकवर सोडणाऱ्या दक्षिण सुदानच्या राज्यकर्त्यांचाही. तिला हे पटलं नाही. "तू तिथं नव्हतीस," एवढंच म्हणाली.

चपला घालताना तिनं विचारलं, "तुझ्याकडे किती आहेत?"

"काय?"

"ॲम्प्युल."

मला नेमकं सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेल्या गेल्या मोजल्या. ६२. त्यातल्या १० ची मुदत जूनपर्यंतच. नव्या साठ्याचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, तेव्हाच भरलं.